मुलाची चिडचिड गोळीमुळे, वयामुळे की आमच्यामुळे?

मुलगा पंधरा वर्षांचा. दीड वर्षापूर्वी पहिली फिट आली, रात्रभर जागून अभ्यास केल्यावर सकाळी उठल्या उठल्या. त्याआधी कितीतरी महिने सकाळी त्याच्या हातातून ब्रश, पेला उडायचा आणि आम्ही धांदरट म्हणून ओरडायचो. ते झटके म्हणजेच सुरुवात होती हे मागाहून कळलं. निदान जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, झटके येणारा फिट्सचा आजार. लेव्हेटिरासिटाम ही फिट्सवरची गोळी चालू आहे, चार महिन्यांपूर्वी डोस वाढवला, तेव्हापासून फिट नाही. फाइल बघितली तर सगळं छान.

घरात मात्र बोलायची सोय राहिलेली नाही. साधं "जेवायला ये" म्हटलं तरी दार आपटतो. मित्रांकडे जाणं बंद. वर्गात एकदा फिट आली तेव्हा कपडे ओले झाले आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला, हे मला धाकटीकडून कळलं. तो एक शब्द बोलला नाही.

आता आमचंही सांगते. बाथरूमची कडी मी काढून टाकली आहे. जरा वेळ लागला की दार वाजवते. रात्री त्याच्या खोलीत गादी घालून झोपते. धाकटी अकरा वर्षांची, तिला शाळेच्या वाटेवर त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. नवरा म्हणतो तूच लाडावून ठेवलंस, आणि मुलगा जोरात शिंकला तरी पहिला धावतो हाच. परवा मुलगा वैतागून म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सगळे नीट झोपला असतात." नंतर सॉरी म्हणाला.

हे गोळीमुळे होत असेल का? फिट थांबलीय म्हटल्यावर डॉक्टर गोळी बदलतील का? आणि मी त्या खोलीतून बाहेर कशी पडू?

प्रतिसाद १
लेव्हेटिरासिटामने चिडचिड, राग, उदासी येऊ शकते, डॉक्टरांना हे नवीन नाही. आमच्या मुलीला झालं होतं, औषध बदलल्यावर फरक पडला. डोस कधी वाढवला आणि दारं कधीपासून आपटायला लागली, दोन्ही तारखा लिहून न्या. मनाने मात्र गोळी कमी करू नका, एकदम बंद केली तर एकामागोमाग फिट्स येऊ शकतात. आणि सगळं गोळीवर ढकलू नका. फिट्स असलेल्या मुलांत नैराश्य आणि चिंता एरवीही जास्त दिसते. शिवाय तो व्हिडिओ आहेच.

प्रतिसाद २
मला तेराव्या वर्षापासून फिट्स आहेत, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. ताई, तुम्ही कडीबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि "मी नसतो तर" हे शेवटी सहज सांगून गेलात. सॉरी म्हणाला म्हणून ते सोडू नका. फिट्सच्या औषधांमुळे आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2008 मध्येच दिला होता. प्रमाण कमी आहे, पण त्याचं वाक्य तुम्ही ऐकलंय. सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, आणि पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कडी नसली तरी चालेल, दाराला "आत आहे" अशी पाटी लावा आणि किती मिनिटांनी हाक मारायची ते त्याला ठरवू द्या. मला नुसता हा हक्क मिळाला असता तरी पुष्कळ झालं असतं. धाकटीची ड्यूटी आजच बंद. तिला एवढंच शिकवा: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर ॲम्ब्युलन्स.

धागाकर्ती
काल रात्री विचारलं. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला, मग "कधीकधी" म्हणाला. सकाळी उघडताक्षणी दवाखान्यात फोन केला, दुपारी बोलावलंय. तारखा लिहून घेतल्यात, धाकटीला सांगून टाकलंय. आज रात्रीही मी त्याच्याच खोलीत झोपणार आहे. फक्त या वेळी त्याला विचारलं. तो म्हणाला, "झोप, पण घोरू नकोस."