क्ली काई म्हणजे मांडीवरचं खेळणं नव्हे

टिळकवाडीची आत्या
परवा इथं एकानं लिहिलं, "अलास्कन क्ली काई म्हणजे बर्फात गाडी ओढणाऱ्या हस्की कुत्र्याचीच छोटी जात. फ्लॅटात मावतो, पोरांच्या मांडीवर बसतो, आणि बेळगाव गार, त्यामुळं हवेची काळजी नको." दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

अमेरिकेत भावाकडं सहा महिने होते. त्याच्याकडं साडेसहा किलोचा क्ली काई आहे. पहिले नऊ दिवस त्यानं मला हात लावू दिला नाही. मी स्वयंपाकघरात शिरले की टेबलाखाली जायचा, डोळे माझ्यावर. दहाव्या दिवशी मी जमिनीवर बसून, त्याच्याकडं न बघता भाकरी मोडत होते. तेव्हा आपणहून आला आणि कोपराला ओलं नाक लावलं. या जातीला परका माणूस असाच हळूहळू चालतो. १९७० च्या दशकात अलास्कातल्या वासिला गावी लिंडा स्पर्लिन बाईंनी हस्कीला शिपर्की आणि अमेरिकन एस्किमो या लहान कुत्र्यांची जोड देऊन ही जात घडवली, ती घरातल्या सोबतीसाठी. उंची कमी झाली, अंगातला हस्की तसाच राहिला. मांजर दिसली की पट्टा हिसडणार, सुटला तर हाकेला येणार नाही. दोन-तीन महिन्यांचा असतानाच माणसं, रिक्षा, कुकरची शिट्टी सगळ्याची सवय लावली नाही, तर जन्मभर बुजरा. अशा कुत्र्याला पोरानं घट्ट मिठी मारली तर तो चावेल, हे का नाही लिहिलं?

खानापूरकर
आत्या, बरं केलंत. मला एका विक्रेत्यानं 'मिनी हस्की' म्हणून पिल्लू दिलं. कागद मागितले तर "पुढच्या आठवड्यात." क्ली काई मोठ्यात मोठा १७ इंच उंच. माझा आठ महिन्यांत २२ किलो झाला! गेटखालची माती उकरून बाहेर पडला आणि शेजारच्या काकूंच्या चार कोंबड्या मारल्या. पैसे भरले, पण काकू अजून बोलत नाहीत.

क्ली_काई_प्रेमी
ते लिहिणारा मीच. तुम्हाला फसवलं यात जातीचा काय दोष? आणि बेळगाव गार नाही काय? आमच्याकडं रात्री चादर लागते.

निपाणीचा दादा
चादर लागते डिसेंबरात. एप्रिलात दुपारी लाइट गेली की त्या दुहेरी केसांच्या जिवाचं काय करालास? ते सोड. मला राग वेगळाच आहे. मुधोळ आपल्या उशाला असताना अलास्का कशाला? कारवानी कुत्रं, म्हणजे मुधोळ हाउंड, घ्या की! मुधोळच्या घोरपडे सरकारांनी जपलेली जात, पंचम जॉर्जपर्यंत पोचलेली. २००५ ला टपाल तिकीट निघालं. लष्करानंही घेतली. मराठी संस्थानची ही देणगी आपणच विसरालोय.

चिकोडीचा पाटील
घोरपड्यांनी जपली, मान्य. पण पिढ्यानपिढ्या ती मेंढरामागं सांभाळली कुणी? धनगर-कुरुबांनी. त्यांच्या घरात कन्नडही आणि मराठीही. कुत्र्यावर तरी सीमाप्रश्न आणू नका दादा.

निपाणीचा दादा
सीमाप्रश्न मी आणला नाही. आमच्या आज्ज्याकडं दोन कारवानी होती. सशामागं सुटली की बांध नुसता ओलांडायची, पाय टेकलेला दिसायचा नाही. आज गावात एक दाखवा! म्हणून बोलतोय.

चिकोडीचा पाटील
माझ्याकडं आहे एक, पाच वर्षांची मादी. रोज सकाळी उसाच्या पट्टीकडेनं मोकळी पळवतो. एक आठवडा पावसानं पळवली नाही, तर बाजेचा सुंभ कुरतडला. ती टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर कशी राहील? फ्लॅटात 'मुधोळ घ्या' म्हणणं हाही अन्यायच.

निपाणीचा दादा
फ्लॅटाचं राहू दे, ते मी बोललो नव्हतो. शेत असलेल्यांनी घ्यावं.

टिळकवाडीची आत्या
आता मूळ मुद्द्यावर या. क्ली काईत रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाची कमतरता आनुवंशिक असते. पिल्लाच्या आईबापांची तपासणी झालीय का, हे आधी विचारा. नाहीतर नसबंदीच्या ऑपरेशनला रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांची धावपळ होईल.

क्ली_काई_प्रेमी
हे मला ठाऊक नव्हतं. बरं, 'मांडीवर' आणि 'हवेची काळजी नको' काढून टाकतो. पण फ्लॅटात मावतो हे राहील, कारण ते खरं आहे.

टिळकवाडीची आत्या
मावतो. रोज दोनदा फिरवलं आणि डोक्याला काम दिलं तर. भाऊ खाऊ लपवून ठेवतो आणि त्याला शोधायला लावतो.

खानापूरकर
आत्या, माझ्या २२ किलोवाल्याचे केस पुंजक्यानं सुटालेत. उन्हाळ्यासाठी मशीन मारू काय?

टिळकवाडीची आत्या
अजिबात नको रे! तोच थर त्याला उन्हापासूनही राखतो. वर्षातून एक-दोनदा आतली लोकर अशीच सुटते. रुंद दातांच्या लोखंडी कंगव्यानं रोज अंगणात बसून विंचर, मांडीच्या मागं आणि कानामागं आधी, तिथंच गुंता धरतो. आणि विंचरताना बोटांनी गोचीड चाचप, खानापूरच्या पावसात सोडत नाहीत ती.