फॉस्फेट शून्य, तरी शेवाळ?

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाणी तपासायचं किट फॉस्फेट (शेवाळाचं खतच ते) शून्य दाखवतं आणि दगडांवर मात्र हिरवं केसाळ शेवाळ, यात चूक किटची नाही हो. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळच आधी फस्त करतं, मोजायला उरतं काय? आधी दर आठवड्याला पाणी बदलताना ते हाताने उपटून बाहेर काढा. टाकीत कुजलं तर सगळं परत पाण्यात.

पुण्यातल्या उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. पहिल्या वर्षी मी तेवढं स्वयंपाकघरातल्या आरओचं ओतत होतो. मीटर लावला तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) ६०! पाणी उडतं, पण त्यातले क्षार, नायट्रेट टाकीतच साठतात. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावून टीडीएस शून्यावर आणल्यावर दोनेक महिन्यांत फरक दिसला. (घरच्यांच्या मते एवढं शुद्ध पाणी आम्हालाही मिळत नाही.)

फॉस्फेट खाण्यातूनही येतं, म्हणून फ्रोझन मायसिस (माशांना द्यायचे गोठवलेले कोळंबीसारखे छोटे जीव) वितळवून गाळणीत धुऊन द्या.

जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) मात्र एकदम भरभरून घालू नका. पोषकद्रव्यं खरोखर शून्यावर गेली की प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्स (तपकिरी, चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) डोकं वर काढतात. ते शेवाळापेक्षा चिवट. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास असलं तर मी हात लावत नाही.