साखळी: गच्चीत अँटेना लावूनही स्कॅनरवर 2 मीटर पट्टा येत नाही

वाळवंटीकाठी

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या साखळीत राहतो, नदीपासून जरा वर. हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड परवाना हातात आलाय, पण ट्रान्सीव्हर (बोलायचा आणि ऐकायचा संच) घ्यायला पैसे जमेपर्यंत मामाने गल्फमधून आणलेल्या जुन्या टेबल-स्कॅनरवर, म्हणजे नुसतं ऐकायच्या रेडिओवर, ऐकतोय. मला हवंय ते एवढंच: 144 ते 146 मेगाहर्ट्झमधले, म्हणजे 2 मीटर पट्ट्यातले, हॅम (हौशी रेडिओवाले) लोक, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक वरून जाताना त्याची 145.800.

खोलीत सोबतच्या टेलिस्कोपिक अँटेनावर काहीच येत नव्हतं. घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती. म्हणून बाहेरचा अँटेना मागवला, दीडेक हात लांब. गच्चीत लावला, तिथून खाली 20 मीटर काळी केबल आणली (आरजी-58 लिहिलंय) आणि स्कॅनरच्या मागे बूस्टर जोडला. आता सिग्नलच्या पट्ट्या भरभरून दिसतात, पण ऐकू काय येतं? 145 च्या आसपास मध्येच एफएमवरची गाणी, नाहीतर नुसती घरघर. स्थानक गेलं तेव्हा काही सेकंद कुजबुज झाली, तीही गेली. आणखी मोठा बूस्टर घेऊ का?

म्हापशेचो_शुक्रवार

डिस्कोन घे, सळयांचा रुंद पट्ट्याचा अँटेना. 25 ते 1300 मेगाहर्ट्झ एकातच. विषय संपला.

दांड्यावरचा_काका

अजून सुरू कुठे झालाय, संपायला? डिस्कोन चांगला, पण तो सगळंच आणतो आणि वाढवून काहीच देत नाही. या पोराला दोन मेगाहर्ट्झचा पट्टा हवाय. आणि डिस्कोनच्या वरच्या सळयांवर कावळ्यांची सभा भरते ती वेगळीच.

वाळवंटीकाठी, 'गच्चीत' म्हणजे नेमकं कुठे? गच्चीवर पत्रे आहेत का?

वाळवंटीकाठी

आहेत काका. स्लॅब गळायचा म्हणून बाबांनी मागेच घातले. अँटेना पत्र्यांच्या खाली आहे, शेडच्या लोखंडी खांबाला क्लॅम्पने बांधलाय. वर ठेवला तर पावसात खराब होईल असं वाटलं.

दांड्यावरचा_काका

वाटलंच. गोव्यात पत्रे नसलेली गच्ची आता शोधावी लागते.

मी दूरदर्शनच्या जमान्यात डिचोली, साखळी, वाळपईच्या कौलांवर अँटेना चढवत होतो, पुढे छत्र्या बसवल्या. तेव्हापासून एकच सांगत आलोय: पैसे आधी जागेवर आणि केबलवर घाल, बूस्टरवर सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात, कारण बूस्टर घ्यायला शिडी लागत नाही.

तुझा अँटेना बाहेर नाहीच. तो लोखंडी छपराखाली, लोखंडी खांबाला चिकटून आहे. अवकाश स्थानक 400 किलोमीटर वरून बोलतं आणि तू मध्ये पत्रा धरलायस. शिवाय खांब इतका जवळ असला की अँटेनाची मोजमापं बिघडतात, तो 145 चा राहतच नाही. पत्र्याच्या वर काढ, निदान दीड मीटर मोकळा. पाऊस अँटेनाला काही करत नाही, करतो तो सांध्याला, त्याकडे येतोच.

दुसरी गोष्ट केबल. या फ्रिक्वेन्सीला 20 मीटर आरजी-58 मध्ये साधारण 4 डेसिबल जातात, म्हणजे अँटेनाने पकडलेल्यातलं निम्म्याहून जास्त वाटेतच खलास. टीव्हीच्या छत्रीची आरजी-6 घाल. तेवढ्याच लांबीला दीडेक डेसिबल जाईल, आणि ती साखळीच्या बाजारात कुठल्याही केबलवाल्याकडे मिळते. कोणीतरी येऊन सांगेल की ती 75 ओहमची, तुझा स्कॅनर 50 चा. नुसतं ऐकायचं असेल तर त्या फरकाचं नुकसान एक पंचमांश डेसिबलही नाही. पुढे ट्रान्सीव्हर घेशील तेव्हा 50 ओहमची जाड केबल बघू.

आता गाणी. ती तुझ्या पट्ट्यात नाहीतच. 88 ते 108 मधली एफएम केंद्रं, आपली आकाशवाणीची 105.4 धरून, इतक्या जोराने आत येतात की बूस्टर आणि स्कॅनरचा पुढचा भाग गुदमरतो आणि नको तिथे त्यांची भुतं उमटतात. मोठा बूस्टर लावणं म्हणजे भजनात शिट्टी मारणाऱ्या माइकचा आवाज आणखी चढवणं. बूस्टर काढ. स्कॅनरवर अ‍ॅटेन्युएटरचं, म्हणजे सिग्नल कमी करणारं, बटण असेल, ते दाब. ते दाबल्यावर ऐकणं सुधारलं तर समज की सिग्नल कमी नाही, जास्त झालाय. तरीही गाणी उरली तर एफएम अडवणारा छोटा फिल्टर मिळतो, तो अँटेना आणि स्कॅनरच्या मध्ये.

आणलेला अँटेना ठेव बाजूला, हाताने कर. एक एसओ-239 सॉकेट (अँटेनाची केबल जोडायचा) घे, चार भोकांचा. गॅस वेल्डिंगवाल्याकडे पितळी काड्या मिळतात. मधल्या टोकाला 49 सेंटिमीटरची काडी उभी डाग दे, चार भोकांना चार काड्या 51 सेंटिमीटरच्या, खाली 45 अंशांत वाकवलेल्या. उभ्या काडीचा हिशोब सोपा: 75 ला मेगाहर्ट्झने भाग, आलेल्या मीटरांतून पाचेक टक्के कमी कर. काड्या आडव्या ठेवल्यास तर 50 ओहम जमत नाहीत, वाकवल्या की जवळ येतात. सॉकेटखालून पीव्हीसी पाइप घाल आणि केबल त्याच्या आतून उतरव.

सांध्याला सेल्फ-फ्युजिंग रबर टेप, ताणून, खालून वर गुंडाळत ये म्हणजे थर कौलांसारखे पाणी खाली सोडतात. त्यावर साधी काळी टेप. नुसती काळी टेप मे महिन्याच्या उन्हात चिकट होऊन सुटते, आणि जूनमध्ये पाणी केबलच्या जाळीतून थेट स्कॅनरपर्यंत येतं. मी केबल कापल्यावर आतली जाळी चहासारखी तपकिरी निघालेली कितीदा पाहिलीय. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली एक झोळ दे, थेंब तिथेच गळू दे.

मडगावची_मीटरबँड

काका, घरघरीचं राहिलं. घरातले एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर हेही त्यात असतात. रात्री बॅटरीवर स्कॅनर चालवून मेन स्विच बंद करा, घरघर गेली तर दोष घरातलाच. मग एकेक एमसीबी वर करत जा. माझ्याकडे देवघरातली रोषणाईची माळ निघाली. सासूबाईंना समजावणं अँटेना चढवण्यापेक्षा कठीण गेलं.

म्हापशेचो_शुक्रवार

डिस्कोनवाला परत आलो, मारू नका. परवान्याबद्दल एक: तो हौशी पट्ट्यांसाठी आहे, स्कॅनर मात्र काहीही ऐकवतो. दाबोळी विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळाच्या आवारात आहे. तिकडचं, पोलिसांचं काही कानावर आलं तर पुढे सरकायचं. रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं तर नावच नको.

वाळवंटीकाठी

बूस्टर काढला, अ‍ॅटेन्युएटर दाबला, गाणी लगेच गेली! काड्या उद्या आणतो. दोन शंका. चारी बाजूंनी डोंगर आहेत, उंच पाइप लावला तर फायदा किती? आणि पत्र्याच्या रस्त्याकडच्या टोकावरून विजेच्या तारा जातात, पाइप तिथे सोयीचा पडतो.

दांड्यावरचा_काका

तारांकडचं टोक विसर. आडवा पडला तर तारेला लागणार नाही एवढ्या अंतरावर पाइप हवा, म्हणजे पाइपची पूर्ण उंची आणि वर थोडं. माडाच्या बाजूला लाव, गैरसोय झाली तरी चालेल. पाइप चढवताना खाली दुसरा माणूस हवाच.

डोंगर असताना उंचीचा फायदा सपाट जागेपेक्षा कमीच. मोकळ्या जागी क्षितिज किलोमीटरमध्ये म्हणजे उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ गुणिले 4.1. 9 मीटरला 12 किलोमीटर. साखळीच्या खोलगटात डोंगर त्याच्या आधीच आडवा येतो. पण रिपीटर (हॅम लोकांचा सिग्नल पकडून पुन्हा पाठवणारी केंद्रं) उंचावर असतात आणि स्थानक तर वरूनच जातं, त्यामुळे पत्र्यावर आलास की पुष्कळ झालं.

स्थानकाचं जरा समजून घे. अँटेना उभा, म्हणून ते बरोबर डोक्यावर आलं की आवाज क्षणभर बसतो, घाबरू नको. एक फेरी जास्तीत जास्त दहाएक मिनिटांची. येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली असते, जाताना तेवढीच खाली. स्कॅनर 5 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकत असेल तर आधी 145.805, मध्ये 145.800, शेवटी 145.795. आणि 145.800 वर रोज कोणी बोलत नसतं. शाळांशी गप्पा किंवा चित्रं पाठवतात तेव्हाच. एरवी 145.825 वर पॅकेटचा (स्थानकावरून येणाऱ्या डेटा संदेशांचा) चिरचिराट मिळतो का बघ, अँटेना तपासायला तो पुरे.

वीज राहिली. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, ढग काळे दिसले की केबल स्कॅनरमधून काढून टोक खिडकीबाहेर सोड. पाइप लोखंडी असला तर त्याला वेगळी अर्थिंग दे. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरती उरते, तेव्हा खड्ड्यात मीठ-कोळसा आणि एप्रिलपासून पाणी. सरळ वीज पडली तर यातलं काहीच वाचवत नाही, म्हणून केबल काढायचीच.

वाळवंटीकाठी

देव बरें करूं काका. एसओ-239 सॉकेटच्या मधल्या टोकात पितळी काडी जातच नाही, कानस लावू का?

दांड्यावरचा_काका

काडीच्या टोकाला लाव, सॉकेटला नको. आणि डाग देण्याआधी काडी पॉलिशपेपरने चकचकीत कर, तिच्यावर फ्लक्सचा थर असेल तर टिन धरत नाही.