पेट्रोल भरलं आणि इंजिनचा दिवा लागला: तुमचे अनुभव सांगा

केतकी_स
काल सोसायटीतल्या काकांच्या गाडीत पंपावरून निघाल्या निघाल्या तो पिवळा इंजिनचा दिवा लागला आणि गॅरेजवाल्याने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड न वाचताच सेन्सर बदलायला सांगितलं, ते ऐकून मला आमचा कशेडी घाटाचा प्रसंग आठवला. भर पावसात गणपतीला गावी निघालेलो, वाटेत टाकी फुल केली आणि थोडं पुढे जातोय तोच गाडी झटके खायला लागली, पिकअप गेला, दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकत होता. बाबा म्हणाले बाजूला घे, घाट चढायचा नाही. पोलादपूरच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०३०० आला, म्हणजे एकाच ठरावीक नाही तर अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटतच नाही. त्याने प्लगला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, पेट्रोल कधी भरलं? मग लाईनमधून थोडं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून उभं ठेवलं, तर खाली वेगळा गढूळ थर! पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि गाडीचा पंप तळातूनच ओढतो. टाकी उतरवली, धुतली, फिल्टर बदलला, आमचं सामान मखरासकट त्याच्या दुकानात. बिल आणि ती बाटली जवळ होती म्हणून पंपवाल्याने ऐकून घेतलं आणि खर्च दिला. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं, आधी कोड वाचा, मग पार्ट बदला. तुमचे अनुभव लिहा.

घाटवाट
लुकलुकणारा दिवा म्हणजे थांबाच. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे जळतं, तो लाल होईपर्यंत तापतो आणि कामातून जातो, खर्च फार मोठा आहे. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू गॅरेजपर्यंत नेता येते. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा ताई.

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतः गॅस (म्हणजे पेट्रोल) भरायला कायद्यानेच बंदी, पंपावरचा माणूसच भरतो आणि झाकणही तोच लावतो. एका थंडीत त्याने टिकटिक वाजेपर्यंत फिरवलंच नव्हतं. दिवा लगेच नाही लागला, दोनेक दिवसांनी लागला, कारण टाकीतली वाफ गळते का ही चाचणी गाडी आपली आपण करते पण टाकी काठोकाठ भरलेली असताना करत नाही. कोड पी०४५७, म्हणजे वाफ गळतेय, झाकण सैल असेल. झाकण घट्ट केलं तरी दिवा तसाच, मग रोजच्या चालवण्यात चाचण्या नीट पार पडल्यावर आपोआप गेला. बायको म्हणत होती कोड पुसून टाक, पण इन्स्पेक्शन जवळ आलेलं आणि पुसला की सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, त्या पूर्ण नसल्या तरी नापास करतात

सुगरण_नाशिक
आमच्या गाडीचं वेगळंच, एरवी ठणठणीत पण पेट्रोल भरलं की पंपावरच सुरू व्हायला कुरकुर, स्टार्टर फिरतोय फिरतोय, मागचे हॉर्न वाजवतायत, मग अॅक्सिलरेटर दाबून ठेवला की भडकन सुरू. एकाने फ्युएल पंप बदलला, काही फरक नाही. शेवटी कळलं टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला, टाकीतली सगळी वाफ इंजिनात. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन थंड असताना सुरू केलं, व्हॉल्व्हला टाकीकडून येणारी नळी काढली आणि तिथे बोट लावायला सांगितलं, ओढ लागत होती, ती तेव्हा लागायला नको. कुकर झालाय, बाकी नंतर लिहिते

पान्हा१३
सुगरणताई बरोबर. आणि मंडळी, नॉझल कट झाल्यावर राउंड फिगर करायला अजून ठासून भरू नका हो, पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं, तो वाफेसाठी असतो. पंपवाला पोरगा म्हणेल साहेब अजून बसतंय, आपण नको म्हणायचं.

माहेरवाशीण
केतकी मखराचं काय झालं ते सांग आधी 😀

केतकी_स
मखर सुखरूप पोचलं ग, बाप्पा वेळेवर बसले.

सीएनजी_दादा
पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं झाल्यापासून माझ्या जुन्या गाडीत पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय) येतोय, कुणाला आला का?

पान्हा१३
दादा, इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो म्हणून इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पेट्रोल वाढवावं लागतं. गाडी तंदुरुस्त असेल तर ती सांभाळून घेते. पण इंजेक्टर चोंदलेला, कुठे हवा ओढतेय, फिल्टर जुना असं काही आधीच असेल तर वाढवायची हद्द संपते आणि दिवा लागतो. आधी हवेचे पाईप आणि फिल्टर बघून घ्या. तुम्ही गॅसवर जास्त चालवत असाल तर टाकीत पेट्रोल जुनं पडून राहतं, तेही बघा.

सीएनजी_दादा
हो गॅसवरच असते. धन्यवाद, उद्याच बघतो

वहिनी_सातारा
आमच्या भाच्याच्या डिझेल गाडीत पंपावर पेट्रोल भरलं. ह्यांनी चावीसुद्धा फिरवू दिली नाही, ढकलत बाजूला घेतली, टाकी रिकामी केली, गाडी वाचली. नुसती चावी फिरवली तरी बऱ्याच गाड्यांत पंप चालू होऊन पेट्रोल पुढे जातं, आणि डिझेलचा हायप्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. बिचारा पोर रडवेला झालेला, नवी गाडी.

घाटवाट
बरं झालं वहिनी. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, त्यांना द्यावाच लागतो. नॉझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग नाही तर ठीक. डेन्सिटीही मोजून दाखवायला सांगता येते. पाण्याचा संशय असेल तर मात्र पाण्याची पेस्ट लावून बघायला सांगा, कागदावर ते कळत नाही.

माहेरवाशीण
पोलादपूरला आता थांबायला चांगलं कुठे आहे? कशेडीचा बोगदा झाल्यापासून आम्ही सरळ खेडलाच जातो.

जर्सीकर
माझा पण तोच प्रश्न, डिसेंबरमध्ये येतोय, आईला चिपळूणला घेऊन जायचंय