मर्यादित खात्यावर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर: बिलं गायब होतात

प्रश्न (खानापूर): विंडोज १०, एक्सपीच्या काळातलं ३२-बिट बिलिंग. काउंटरवरच्या पोराच्या मर्यादित खात्यातून चालतं, पण मालकाच्या खात्यात ती बिलं दिसत नाहीत. ॲडमिनचा पासवर्ड काउंटरवर द्यायचा नाही. उपाय सांगा.

उत्तर (निपाणी): बिलं हरवलेली नाहीत, काळजी सोडा. जुना प्रोग्राम आपला डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच लिहायला बघतो, आणि मर्यादित खात्याला तिथं मनाई. व्हिस्टापासून विंडोज असं लिखाण गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा → लोकल → व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवतं. म्हणून दोघांच्या वह्या वेगळ्या.
आधी प्रोग्राम बंद करून दोन्हीकडच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मग सॉफ्टवेअर काढून सी ड्राइव्हवर थेट ‘बिलिंग’ फोल्डरात टाका. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, ‘युजर्स’ निवडून ‘मॉडिफाय’वर टिक. फुल कंट्रोल नको. ज्यात जास्त बिलं तो डेटा ठेवा, उरलेली हातानं चढवा; एकावर एक फाइल कॉपी केलीत तर एका बाजूची बिलं कायमची जातील.

उत्तर (चिकोडी): एवढ्यावर अडलं तर ॲडमिन खात्यातून प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम कुठल्या फाइलीवर, नोंदीवर अडतो ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) लावा आणि रिझल्टला ‘ॲक्सेस डिनाइड’ फिल्टर द्या. बहुतेक रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) एचकेएलएम म्हणजे सगळ्या युजरांच्या सामायिक शाखेत, सॉफ्टवेअरखाली कंपनीच्या नावाची की (फोल्डरासारखा कप्पा) सापडेल. परवानगी तेवढ्याच कीला द्या, अख्ख्या शाखेला कधीच नको.

उत्तर (शहापूर, बेळगाव): डॉसमधलं १६-बिट असेल तर ६४-बिट विंडोजवर परवानग्यांनी काही होत नाही. डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करून जुने प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) लागेल.