होल्स्टरमध्ये ठेवू नका
वर एकांनी सुचवलंय की भरपूर तेल लावून रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्येच कपाटात ठेवावं. कृपया असं करू नका. चामडं ओल धरतं, त्यात पुण्याचा पावसाळा! वडिलांच्या कानपूर बनावटीच्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या नळीवर होल्स्टरच्या शिवणीबरोबर गंजाची रेघ उठली होती, ती आजही दिसते. मऊ कापडात गुंडाळा, जवळ सिलिका जेल ठेवा, कुलूप हवंच. तेलाचा हात पातळच. काडतुसाच्या टोपीत (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात) झिरपलं तर बार फुसका जातो.

साफ करताना आधी सिलिंडरची, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या चक्राची, सहाही घरं उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली टूथब्रश फिरवाच. तिथे जळक्या दारूचा कण राहिला तरी सिलिंडर अडतो.