अनुभव धागा: गावात राहून स्वतःचा ब्लॉग चालवताना

संत्र्याचा आंबिया बहार, झाडीपट्टीची नाटकं, वऱ्हाडी म्हणी यांवर आपल्याकडे विदर्भात भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक व्हॉट्सॲप-फेसबुकवर. दोन वर्षांनी ते शोधून सापडत नाही. स्वतःच्या फायली, स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि साधं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी वर आपलं गाव टाकून नेमके तपशील लिहा. काय अडतं, का अडतं, हे हवंच.

वरुड
ह्युगो घ्या, म्हणजे साध्या फायलींतून वेबसाइटची पानं बनवणारं सॉफ्टवेअर. एकच प्रोग्राम उतरवायचा. डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारी पीएचपी भाषा नाही. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलीत. त्यातून 'पब्लिक' फोल्डरात तयार पानं निघतात, तीच सर्व्हरवर चढवायची. उद्या ह्युगो बंद पडलं तरी लेख कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

नवीन माणूस हमखास अडतो तो तारखेपाशी. लेखाच्या डोक्यावर सकाळी 10ची वेळ टाकली आणि टाइमझोन दिला नाही, तर ह्युगो ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तोवर लेख भविष्यातला ठरतो, पान बनत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. सेटिंगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहा. तरीही लेख दिसला नाही, तर लेखाच्या डोक्यावर 'ड्राफ्ट' (कच्चा लेख) ट्रू राहिलंय का ते बघा.

सिंदेवाही
लॅपटॉप नसला तरी जमतं. अँड्रॉइडवर टर्मक्स टाका, म्हणजे फोनवर कमांड चालवायचं ॲप. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल ह्युगो गिट आरसिंक'. गिट फायलींच्या बदलांची नोंद ठेवतं, आरसिंक फायली सर्व्हरवर चढवतं. साइटचं फोल्डर टर्मक्सच्या होममध्येच ठेवा. फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये ठेवलं की गिट फोल्डरच्या मालकीवर शंका घेऊन काम थांबवतं. लेख तपासायला 'ह्युगो सर्व्हर' सुरू करून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 1313 उघडा. याला इंटरनेट लागत नाही. रेंज हवी ती फक्त चढवताना.

तिथे आरसिंक वापरा, पण 'चेकसम' पर्यायासह, म्हणजे ते वेळ नाही, फायलीतला मजकूर ताडून बघतं. ह्युगो दरवेळी पानं नव्याने लिहितं, त्यामुळे फायलींच्या वेळा बदलतात. पर्याय दिला नाही, तर न बदललेल्या पानांसाठीही सर्व्हरशी देवाणघेवाण होत राहते आणि कमी रेंजमध्ये मधेच तुटते.

दारव्हा
फोटो लहान करा राजेहो! फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असते. रुंदी 1200 पिक्सेल, जेपेगचा दर्जा 75 ठेवला की बहुतेक फोटो 200 केबीच्या आसपास येते. अन् एक्झिफ, म्हणजे फोटोत लपलेली माहिती, पुसून टाका. लोकेशन चालू असलं तर विहिरीवरच्या मोटरच्या फोटोसंगं मोटर नेमकी कुठं हाय हेही जाते.

आर्वी
जुना मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असेल तर तो थेट चिकटवू नका. वाचकाला नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील. आधी युनिकोड करा, मग रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा, म्हणून कन्व्हर्टर तिथेच चुकतो. 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' झालंय का, तेही बघा.

दुवा रोमन अक्षरांत द्या. देवनागरी दुवा कॉपी केला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि व्हॉट्सॲपवर भलं मोठं शेपूट दिसतं. पानाची भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) लिहिली, तर सोय असलेल्या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. ओळींतलं अंतर 1.7 ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

चिमूर
घरच्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवायचा विचार असेल, तर आधी पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेट पत्ता, मिळतो का विचारा. मोबाइल नेटवर बहुधा अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात. बाहेरचा वाचक पोचतच नाही.

लाइट गेली तेव्हा गिट लिहीत असेल, तर 'ऑब्जेक्ट फाइल रिकामी' अशी चूक येते. दुसरीकडे प्रत असली की ती नव्याने क्लोन करून, म्हणजे पूर्ण उतरवून, पाच मिनिटांत निभावतं. म्हणून लेख संपला की लगेच पुश करा, म्हणजे त्या दुसऱ्या प्रतीत चढवा, आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवरही घ्या. डोमेन आणि होस्टिंग (पानं ठेवायची सर्व्हरवरची जागा) वेगवेगळ्या ठिकाणी असू द्या. होस्ट बदलायचा झाला तर फक्त डीएनएस नोंद (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती) बदलते, पत्ता तोच राहतो. नोंद बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र किती वेळ जपली जाते तो आकडा, 300 सेकंदांवर आणा.